क्लचचे तेल जात कुठे होते?

मागच्या नोव्हेंबरात, कापसाची दुसरी वेचणी सुरू असताना, एका सकाळी आमच्या गाडीचा रिव्हर्स गिअर पडेना. गाडी २००३ सालची, डिझेलवर चालणारी आणि आठ माणसे सहज बसतील अशी आहे. राळेगाव तालुक्यातील आमच्या गावातून वडिलांना ठरल्या तारखेला सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात नेणे आणि वेचणीच्या दिवसांत बायांना शेतावर पोचवणे ही तिची मुख्य कामे, त्यामुळे ती दारात उभी राहिली की घराचे अर्धे वेळापत्रक बिघडते. इंजिन बंद असताना सगळे गिअर विनातक्रार पडत होते. इंजिन सुरू केले की मात्र रिव्हर्सला दातांवर दात घासल्याचा खर्रर आवाज येई आणि पहिल्या गिअरसाठी दांडा जोर लावून ढकलावा लागे. क्लचचे पेडल दाबताना पायाला नेहमीचा विरोध लागत नव्हता, चिखलात पाय जावा तसे ते खाली जात होते. भराभर तीन-चार वेळा दाबले की ते थोडे वर येऊन कडक होई आणि तेवढ्या अवधीत गिअर पडे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. द्रवाचा दाब शिकवताना मुलांसमोर इंजेक्शनच्या दोन पिचकाऱ्या एका नळीने जोडून त्यांत रंगीत पाणी भरतो; एकीचा दट्ट्या दाबला की दुसरीचा बाहेर येतो. मग मुद्दाम थोडी हवा आत घेतो, आणि मुलांना लगेच दिसते की पहिला दट्ट्या बराच आत गेला तरी दुसरा जागचा जेमतेम हलतो, कारण पाणी दाबले जात नाही, हवा दाबली जाते. आमच्या गाडीचा क्लच नेमका याच तत्त्वावर चालतो. पेडलमागे एक लहान व्यासाचा मास्टर सिलिंडर असतो, तिथून बारीक पाइप आणि शेवटी रबरी होज निघून गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेल्या स्लेव्ह सिलिंडरपर्यंत जातो, आणि स्लेव्हची दांडी क्लचच्या काट्याला ढकलून क्लच सोडवते, म्हणजे इंजिनचा गिअरबॉक्सशी असलेला संबंध तोडते. आमचे मिस्त्री यांना वरचा सिलिंडर आणि खालचा सिलिंडर म्हणतात. पेडल भराभर दाबल्यावर सुधारते, याचा अर्थ दट्ट्यापुढे जेवढे तेल हवे तेवढे तिथे नाही, त्याची जागा हवेने घेतली आहे किंवा ते दाब येताच कुठून तरी निसटते आहे. आणि गिअर इंजिन बंद असताना पडतात पण सुरू असताना पडत नाहीत, याचा अर्थ दोष बहुधा गिअरबॉक्समध्ये नाही, क्लच पुरता सुटत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दिवाळीपासून मी क्लचच्या डबीत, म्हणजे मास्टरला तेल पुरवणाऱ्या टाकीत, दोनदा ब्रेक ऑइल भरले होते (क्लचलाही हेच तेल लागते) आणि प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस गाडी व्यवस्थित चालल्यामुळे काम झाले असे मानले होते. ब्रेकच्या डबीतली पातळी पॅड झिजल्यानेही हळूहळू उतरते, त्यामुळे तिथे थोडी घट झाली म्हणून लगेच गळतीच आहे असे म्हणता येत नाही. क्लचच्या बाबतीत उलट असते. क्लचप्लेट झिजत जाते तशा तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगच्या पाकळ्या मागे सरकतात, त्या स्लेव्हच्या दट्ट्याला आत ढकलतात आणि तेल वर डबीत परत येते. म्हणजे झिजेने पातळी उतरत नाही, झालीच तर किंचित वाढते. म्हणून क्लचच्या स्वतंत्र डबीतले तेल कमी झाले की ते बाहेर गेले आहे, एवढाच अर्थ उरतो. मला हे त्या वेळी ठाऊक असते तर पहिल्यांदा डबी रिकामी दिसली तेव्हाच मी गाडीखाली वाकून पाहिले असते.

राळेगावच्या मिस्त्रींना फोन केला तेव्हा त्यांनी आधी हेच विचारले. "गुरुजी, तेल टाकून काय होते? थे जाते कुठं, हे पाहा लागते ना." ते दुसऱ्या दिवशी येणार होते. तोपर्यंत गाडी न धुता ठेवा, असेही त्यांनी बजावले, कारण धुतल्यावर गळतीचा माग पुसला जातो. प्रत्यक्षात माग दिसणेही सोपे नव्हते. पावसाळाभर शेतरस्त्याने फिरलेल्या गाडीच्या पोटाला आमच्याकडची काळी माती अशी चिकटते की वाळल्यावर ती लोखंडाचाच भाग वाटते, आणि तिच्यात मुरलेले तेल नुसत्या ओल्या डागासारखे दिसते. मी चाकांमागे दगड लावले, बेल हाउसिंगभोवतीची, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या टोकाला क्लच झाकणाऱ्या घंटेसारख्या कवचाभोवतीची, वाळलेली ढेकळे काडीने हलक्या हाताने उकरली, कोरड्या फडक्याने जागा पुसली आणि रात्री गाडीखाली पुढच्या चाकापासून मधल्या भागापर्यंत खोक्याचे पुठ्ठे उलगडून पसरले. पुठ्ठ्यांवर चाकांच्या जागा पेनाने आखून ठेवल्या, म्हणजे सकाळी डाग नेमका कशाखाली पडला ते कळावे. झोपण्यापूर्वी इंजिन न लावता पेडल वीसेक वेळा दाबले.

सकाळी पुठ्ठ्यावर दोन डाग होते. एक इंजिनच्या तळाखाली, काळा आणि दाट. दुसरा गिअरबॉक्सच्या डाव्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढा, जवळजवळ बिनरंगी, कडेला पुठ्ठा नुसता ओला झाल्यासारखा. जुन्या गाडीखाली काही ना काही टपकतच असते, म्हणून डाग पाहून तेल ओळखता येणे महत्त्वाचे आहे. इंजिन ऑइल काळे आणि चिकट असते, गिअर ऑइल दाट असून त्याला गंधकासारखा उग्र वास येतो, कूलंट रंगीत असते आणि त्याला गोडसर वास असतो. ब्रेक ऑइल पातळ असते, बोटांत निसरडे लागते. खात्रीचा उपाय घरच्या घरी करता येतो. माझ्या बारावीतल्या मुलीने स्टीलच्या दोन वाट्यांत पाणी आणले. इंजिनखालच्या डागाचा थेंब काडीने एका वाटीत सोडला, तर तो पसरून वर तरंगत राहिला आणि त्याच्यावर इंद्रधनुष्यासारखी झाक आली. बेल हाउसिंगजवळून टपकणारा थेंब दुसऱ्या वाटीत सोडला, तो पाण्यात धुराच्या रेषेसारखा खाली उतरला आणि ढवळताच नाहीसा झाला. ब्रेक ऑइल ग्लायकॉलपासून बनते आणि पाण्यात मिसळते, खनिज तेल मिसळत नाही. त्या दुसऱ्या वाटीने क्लचचे तेल बाहेर येते आहे हे निश्चित केले. वाटी नंतर साबणाने दोनदा धुऊन गॅरेजच्या कामासाठीच बाजूला काढली, कारण हे तेल विषारी असते आणि स्वयंपाकघरात परत जाऊ नये.

मिस्त्री आले, जॅकवर गाडी उचलली, खाली दोन लोखंडी घोड्या लावल्या आणि मगच खाली शिरले. नुसत्या जॅकच्या भरवशावर ते कधीच गाडीखाली जात नाहीत, आणि मलाही त्यांनी जाऊ दिले नाही. स्लेव्ह सिलिंडरच्या टोकाला दांडीवर एक रबरी बूट असतो. धूळ आत जाऊ नये एवढेच त्याचे काम, तेल अडवण्याचे नाही. त्यांनी त्याची कडा बोटाने मागे सारली आणि आत साठलेले तेल त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. बूट कोरडा असता तर आतले रबर ठीक आहे असे म्हणता आले असते. बुटात तेल साठले म्हणजे दट्ट्यावरचे रबर दाब धरत नाही. नव्या धाटणीच्या बऱ्याच गाड्यांत हा सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत शाफ्टभोवतीच बसवलेला असतो आणि तिथे तो गळू लागला तर अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. आमच्या गाडीत तो बाहेर, दोन बोल्टांवर आहे, हे आमचे भाग्य.

दोन बोल्ट आणि पाइप सोडून स्लेव्ह खाली आला. मिस्त्रींच्या हाताखालच्या पोराने सुटे भाग धुण्यासाठी डिझेलचे पातेले पुढे केले तेव्हा त्यांनी त्याला थांबवले. "डिझेलात बुडवू नोको रे, रबर फुगते." ही गोष्ट लहान वाटते, पण याच चुकीने कितीतरी गाड्यांचे नवे किट महिनाभरात निकामी होते. ब्रेक आणि क्लचची रबरे ग्लायकॉलच्या तेलासाठी बनवलेली असतात. डिझेल, रॉकेल, पेट्रोल किंवा इंजिन ऑइल लागले की ती फुगतात, मऊ पडतात आणि दट्ट्या अडकतो. सुटे भाग ताज्या ब्रेक ऑइलने धुतले. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर गंजाचे बारीक ठिपके होते. ते अगदी बारीक पॉलिश पेपरने गोल फिरवून साफ केले, नखाला खड्डा लागत नाही हे पाहिले आणि दीडशे रुपयांचे रबरांचे किट बसवले. रबराची पातळ ओठासारखी कडा ज्या बाजूने दाब येतो त्या बाजूला असावी लागते, उलटी बसली की ते तेल अडवतच नाही. मग हवा काढली, पेडल वर आले, कडक झाले, रिव्हर्स आवाज न करता पडला. संध्याकाळी मी निश्चिंत होतो.

पाचव्या दिवशी वडिलांना घेऊन कळंब, देवळीमार्गे सेवाग्रामला निघालो. वर्धा नदीचा पूल ओलांडेपर्यंत काही जाणवले नाही. देवळीच्या चौकात पुढे ट्रॅक्टर थांबला म्हणून मीही पहिला गिअर तसाच ठेवून, क्लच पूर्ण दाबून थांबलो. दहा-बारा सेकंदांत पायाखालचे पेडल, मी जोर कमी केलेला नसतानाही, आणखी खाली सरकले आणि गाडी आपोआप पुढे ट्रॅक्टरकडे जाऊ लागली. ब्रेक दाबला, गिअर काढून न्यूट्रल केला. वडील शेजारीच बसले होते. त्या क्षणी जी भीती वाटली ती मी विसरलेलो नाही; ट्रॅक्टरऐवजी पुढे माणसे उभी असती तर, हा विचार परतीच्या वाटेवर डोक्यातून गेला नाही. उरलेला रस्ता प्रत्येक थांब्याला न्यूट्रल करत आणि गिअर टाकण्याआधी पेडल दोन-तीनदा दाबत कसाबसा पार केला. एरवी मी कोणाला असे चालवा म्हणून सांगणार नाही.

घरी येऊन पुन्हा पुठ्ठा पसरला, तो गिअरबॉक्सच्या बाजूला सकाळी कोरडा होता. स्लेव्हचा बूट कोरडा, पाइपचे सांधे कोरडे, होजला चीर नाही, आणि तरी डबीतली पातळी अर्धे बोट उतरलेली. मिस्त्रींनी फोनवर ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "गुरुजी, तुमच्या पायाखाली पाहा."

चालकाच्या पायाखालची रबरी चटई मी उचलली. तिच्याखालचे जाड कापड पेडलच्या बाजूला ओलसर होते, आणि आजपर्यंत ती ओल बुटांबरोबर येणाऱ्या चिखलपाण्याची आहे असेच मी समजत आलो होतो. बॅटरीच्या उजेडात मान वाकवून वर पाहिले तेव्हा मास्टर सिलिंडरची दांडी जिथे आत येते तिथे ओलावा चमकत होता, आणि तिथून पेडलच्या लोखंडी दांड्यावर उतरलेल्या ओघळाच्या वाटेवर काळा रंग फोडांसारखा फुगला होता. नखाने टेकवताच तो पापुद्रा सुटून आला आणि खालचे लोखंड उघडे पडले. पाण्याने रंगाचे असे होत नाही, ब्रेक ऑइलने होते. बोटावर आलेली ओल वाटीत बुडवली, पाण्यात विरघळली.

म्हणजे तेल दोन जागांनी जात होते, आणि आम्ही पहिली ओली जागा सापडताच शोध थांबवला होता. याची खंत मला आजही आहे, कारण दुसरी तपासणी करायला पाच मिनिटेही लागत नाहीत. इंजिन बंद ठेवून मी पेडलशेजारी शाळेची तीस सेंटिमीटरची पट्टी उभी धरली, पेडल घट्ट होईपर्यंत दाबून पाय स्थिर ठेवला आणि मुलीने घड्याळ पाहिले. एका मिनिटात पेडल जवळजवळ चार सेंटिमीटर खाली गेले. बाहेर एवढे तेल पडलेले नव्हते. म्हणजे मास्टरमधले मुख्य रबरही फाटले होते आणि दट्ट्यापुढचे तेल त्याला वळसा घालून मागे डबीकडेच परतत होते. अशा आतल्या गळतीत कुठे थेंब दिसत नाही आणि पातळीही फारशी हलत नाही, म्हणून ती माणसाला फार काळ फसवते. मिस्त्रींनी येऊन आणखी एक खात्री करून घेतली. त्यांनी मास्टरमधून निघणारा पाइप सोडून त्या तोंडात आट्यांची बुची घट्ट बसवली. आता मास्टर ठीक असेल तर पेडल दगडासारखे कडक राहायला हवे, कारण तेलाला जायला वाट नाही. ते सुरुवातीला कडक लागले आणि मग पायाखाली हळूहळू उतरत गेले. दोष मास्टरमध्ये आहे हे त्या एका बुचीने सिद्ध केले; पाइप, होज आणि स्लेव्ह आधीच कोरडे दिसले होते.

मास्टर खोलल्यावर जे दिसले ते मला सगळ्यांत शिकवून गेले. सिलिंडरची आतली भिंत सुरुवातीच्या दोन-तृतीयांश भागात आरशासारखी चकचकीत होती आणि त्यापुढे तपकिरी गंजाचे खरखरीत कडे होते. रबराच्या ओठावर चंद्रकोरीच्या आकाराचा ताजा तुकडा उडालेला होता. रोजच्या वापरात दट्ट्या त्या गंजलेल्या भागापर्यंत सहसा पोचतच नव्हता. पण स्लेव्ह बसवल्यावर हवा काढताना आम्ही पेडल तीसेक वेळा अगदी तळापर्यंत दाबले, आणि वीस वर्षांचे कडक झालेले रबर त्या खरखरीत कड्यावरून तितक्या वेळा घासले गेले. शिवाय स्लेव्ह दुरुस्त होताच मास्टरवर पुन्हा पुरा दाब येऊ लागला. दांडीकडची गळती जुनीच होती, रंगाचे फोड ते सांगत होते; मुख्य रबर मात्र आमच्या दुरुस्तीतच फाटले असावे, असे मिस्त्रींचे मत पडले आणि मला ते पटले. जुन्या गाडीत हवा काढताना पेडलखाली लाकडाची चिप ठेवून ते तळाला जाऊ न देण्याची त्यांची पद्धत आहे. त्या दिवशी घाईत ते राहून गेले, असे त्यांनी आपणहून सांगितले. असे सांगणारा मिस्त्री मिळणे मी मोठी गोष्ट समजतो.

गंज आला कुठून, याचे उत्तर डबीच्या तळाशी होते. नवे ब्रेक ऑइल फिकट पिवळसर आणि पारदर्शक असते. आमच्या डबीतून निघाले ते तुळशीच्या काढ्यासारखे गढूळ. हे तेल हवेतली वाफ शोषून घेते. डॉट ३ प्रतीच्या तेलाचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की तो १४० अंशांपर्यंत खाली चालतो, असे मानकच आहे. ब्रेकमध्ये त्या उकळण्याचा धोका असतो. क्लचमध्ये तितकी उष्णता नसली तरी मुरलेले पाणी लोखंडाला आतून खात राहते. साधारण दोन वर्षांनी हे तेल बदलावे असे सांगितले जाते. मी गाडी सेकंडहँड घेतल्यापासूनच्या आठ वर्षांत भर घातली, पण एकदाही बदलले नव्हते.

गंजलेल्या मास्टरमध्ये नवे किट घालण्यात अर्थ नव्हता, नवे रबरही त्याच कड्यावर फाटले असते. यवतमाळहून साडेतेराशे रुपयांचा अख्खा सिलिंडर आणवला, त्याला दोन दिवस लागले. बसवताना पेडलची दांडी आणि दट्ट्या यांच्यात किंचित मोकळीक राखावी लागते. ती नसेल तर दट्ट्या पूर्ण मागे येत नाही, डबीकडे जाणारे बारीक भोक झाकलेले राहते आणि तेल गरम होऊन फुगले की क्लच थोडा दाबलेलाच राहून प्लेट घसरू लागते. मिस्त्रींनी पेडल हाताने हलवून ती मोकळीक जाणवेपर्यंत दांडीचे नट फिरवले.

हवा काढताना या वेळी मुलगी पेडलवर बसली. स्लेव्हवरच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक थोडे तेल घातलेल्या बाटलीत बुडवले होते. मिस्त्री खालून "दाबा" म्हणत, ती दाबून "धरलं, काका" म्हणे, मग ते दहा नंबरच्या पान्याने निपल पाव फेरा उघडत, नळीतून बुडबुडे जात, निपल बंद होई आणि त्यानंतरच "सोडा" म्हणत. क्रम चुकून निपल उघडे असताना पेडल वर आले तर तितकीच हवा परत आत ओढली जाते. डबी रिकामी होऊ न देण्याचे काम माझ्याकडे होते. आधी तपकिरी, मग गढूळ पिवळे आणि शेवटी अगदी स्वच्छ तेल आले, तरी बुडबुडा पुरता थांबेपर्यंत आम्ही थांबलो नाही. बॉनेटच्या कडेला सांडलेले दोन थेंब लगेच भरपूर पाण्याने धुतले.

त्या संध्याकाळी पुन्हा पट्टी लावून एक मिनिट पेडल धरले. ते जागचे हलले नाही. डबीवर पातळीच्या रेषेशी तारीख लिहिली, चटईखालचे कापड धुऊन उन्हात वाळवले आणि पेडलच्या बरोबर खाली पांढऱ्या कागदाचा एक ताव अंथरून त्यावर चटई घातली. पंधरा दिवसांनी, सेवाग्रामची आणखी एक फेरी करून आल्यावर, तो ताव काढून पाहिला. त्याच्या कडेला आमच्या शेतातली थोडी काळी माती लागली होती, आणि मधला भाग कोरडा होता.